पाय उचलणारे साहेब

पनवेलच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरची खोली झाडायचे. तिथले एक साहेब झाडू जवळ आला की पडद्यावरची नजर न काढता दोन्ही पाय वर उचलायचे. त्यांनी पडद्यावर चित्र काढून मांडलेलं विजेचं सर्किट शनिवारपर्यंत कॉम्प्युटरवर चाललं नाही, तर नोकरी जाणार होती. रोज तो कॉम्प्युटर उत्तर जुळत नाही म्हणून मध्येच थांबायचा.

शनिवारी मी धीर करून विचारलं, "झालं का, साहेब?"

"झालं, मावशी. चित्राच्या कोपऱ्यातली एक तार अर्थिंगला जोडायची राहिली होती. तुम्ही एकही कोपरा सोडत नाही, मी पंधरा दिवस सोडला."

एवढं बोलून त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि ते झोपले. झाडू जवळ गेला, पण पाय हलले नाहीत. त्या दिवशी टेबलाखालचा केर मी तसाच ठेवला.