संध्याकाळी सैल, सकाळी घट्ट

आमच्या आबांनी आयुष्यात गिऱ्हाइकाची एकही गाडी भंगारात जाऊ दिली नाही, आणि एकाही माणसाला सोडलं नाही. आबा म्हणजे माझे वडील. फौजेत ट्रक दुरुस्त करण्यात तरुणपण घालवून ते परत आले आणि इस्लामपूर-आष्टा रस्त्यावर त्यांनी घरापुढंच पत्र्याचं गॅरेज टाकलं. शोरूमनं हात वर केलेल्या गाड्या तिथं यायच्या, कधी कधी पार उंब्रजहून टेंपोला बांधून ओढत आणलेल्या. आबा आधी मालकाला सोलायचे, मग इंजिन उघडायचे. "ऑइल कवा बदललं हुतं? लगीन झालं तवा?" असं चारचौघांत विचारायचे. नवी गाडी घ्यायचं मनात असलेल्याला तर ते माणसात धरत नसत. "बायकू म्हातारी झाली की तीबी बदलणार व्हय रं?" आई चहा घेऊन आलेली असली तरी हे वाक्य थांबत नसे. माणसं बोलणी खायची आणि परत तिथंच यायची, कारण गाडी चालू व्हायची.

मी त्यांच्या हाताखाली शिकलो. शिकलो म्हणजे मार खाल्ला. चुकीचा पाना दिला की तोच पाना बोटांवर बसायचा. माझी डाव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही. पण मार विसरता येतो. गिऱ्हाइकासमोर ते म्हणायचे, "पोरगं माझंच हाय, पण आईवर गेलंय. भाकरी थापाय बरं." गिऱ्हाईक हसायचं, त्याच्याबरोबर मीही हसायचो. मी पंचेचाळीस ओलांडली, माझी मुलगी कॉलेजात गेली, नव्या गाड्यांना स्कॅनर लावून दोष काढायला मी शिकलो, तरी भाकरी काही सुटली नाही.

गॅरेजच्या दारात आबांची स्वतःची डिझेल जीप उभी असायची. तिच्या मीटरचे आकडे दोनदा संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले होते. वडापच्या दिवसांत तिनं सीटमागं भाडं घेऊन माणसं कोंबून नेली, पुढं खताची पोती नेली, माझ्या लग्नाचं वऱ्हाडही नेलं. इंजिन तीनदा उतरवलेलं, पत्रा इतक्या वेळा बदललेला की मूळचं काय उरलंय ते त्यांनाच ठाऊक. पासिंगला नेताना ते स्वतः इस्त्रीचा सदरा घालायचे. गॅरेजला पाटी नव्हती, ही जीपच पाटी होती.

मग आबांचे डोळे गेले. एकदम नाही, काचबिंदू कडेकडेनं खात जातो. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकवायची, आणि गाडी आजपासून बंद. दवाखान्याबाहेर आल्यावर आबा म्हणाले, "डॉक्टरला शेकंड गिअर टाकाय येतोय का इचार जा." आणि जीप स्वतः चालवत घरी आणली. मी शेजारी बसलो होतो. त्यांच्यापुढं बोलायची मला कधी सवयच लागली नव्हती.

पंधरा दिवसांनी त्यांच्या जीपचा आरसा शाळेतून येणाऱ्या एका मुलीच्या सायकलला लागला. ती उसाच्या पाटात पडली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. ती रस्त्याच्या डाव्या कडेनं नीट चालली होती, पण आबांना डावीकडचं दिसणंच संपलं होतं. ते खाली उतरले आणि त्या पोरीवरच ओरडले, "आंधळी हायस व्हय गं?" नंतर तिला आणि सायकलला गॅरेजवर आणलं आणि वाकलेलं चाक सरळ करून दिलं, पैसे न घेता, तोंडाचा पट्टा न थांबवता. पोरगी रडत रडत चाकाकडे बघत होती. मी पान्यांच्या पेटीजवळ उभा होतो आणि मला स्वच्छ दिसलं की पुढच्या खेपेला एखादी मरणार.

किल्ली लपवून उपयोग नव्हता. बिनकिल्लीची जीप चालू करायला आबांना दोन मिनिटंही लागली नसती. "आबा, आता पुरे करा" असं तोंडावर म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती. मग मला त्यांनीच शिकवलेली एक गोष्ट आठवली. टाकीतून इंजिनकडे डिझेल नेणाऱ्या नळीचा नट जरासा सैल असला, तर बाहेर थेंबही गळत नाही, पण आत हवा शिरते. डिझेल मागं टाकीत उतरतं आणि सकाळी गाडी नुसती घरघरते. संध्याकाळी गॅरेज बंद करताना मी तो नट सैल करायला लागलो आणि सकाळी आबांचा चहा व्हायच्या आत जाऊन परत घट्ट करायला. म्हणजे नळीत हवा असायची, पण हवा शिरायला जागा कुठंच सापडायची नाही. नळीतली हवा काढली की जीप चालू व्हायची. मात्र दोष सापडल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हा आबांचा नियम होता. तो ते गिऱ्हाइकाच्या गाडीला लावायचे आणि स्वतःच्याही. माझा सगळा भरवसा त्या नियमावर होता.

पहिला आठवडा ते खुशीत होते. कोडं घालणारी गाडी त्यांना आवडायची. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नळी बदलली. मग नटाखालची चकती, म्हणजे वायसर, मग फिल्टर, मग पंप. सगळं बोटांनी चाचपून. एकदा त्यांनी मधे पारदर्शक नळी लावली, हवा काढून इंजिन चालू केलं आणि मला विचारलं, "बुडबुडं दिसत्यात का रं?" मी वाकून नीट बघितलं आणि म्हणालो, "न्हाई आबा." ते खरंच होतं, नट मी सकाळीच घट्ट केला होता. खोटं बोलायची वेळसुद्धा माझ्यावर आली नाही.

त्यांचं जेवण कमी झालं. ताटावरून मधेच उठून ते जीपशी जायचे, बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे. आई म्हणाली, "अरं बघ की तू तरी काय झालंय." मी म्हणालो, बघतोय.

आणि आता लिहूनच टाकतो, मला मजा येत होती. पोरींचे जीव वाचवतोय असं मी मनाला सांगायचो. तेही होतंच. पण एका सकाळी आबांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "जरा तू बघ बरं. तुला काय वाटतंय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला. मी सावकाश हात पुसले. जीपभोवती एक फेरी मारली. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "आबा, वायसर टाकायचाच इसरला न्हाई न्हवं?" गिऱ्हाइकं हसली. आबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी खाली वाकून नट खोलला आणि वायसर आहे का ते बोटानं बघितलं.

दोन महिन्यांनी त्यांनी पाना खाली ठेवला. "भंगारवाल्याला बोलीव," म्हणाले. "गाडीत काय न्हाई. माझ्यातच हाय." तिथं मला सांगता आलं असतं. मी फक्त "बरं" म्हणालो. आष्ट्याचा भंगारवाला जीप ओढून घेऊन गेला, तेव्हा आबा घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मला वाटलं होतं, चार दिवस रुसतील आणि मग खुर्चीवर बसून पुन्हा सगळ्यांना सोलतील. खुर्चीवर बसायला लागले, पण तोंड उघडेना. कुणी काही विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवायचे. सुरुवातीला मला बरं वाटलं. गॅरेज माझं झालं, आवाज माझा झाला. मग पलूसकडची एक जुनी पिकअप आली. तिच्या इंजिनात ठोका होता आणि तीन दिवस खपून मला तो सापडत नव्हता. मी इंजिन चालू केलं की खुर्चीतल्या आबांची मान त्या आवाजाकडे वळायची, गुडघ्यावरची बोटं हलायची. त्यांना ठोका कुठला ते कळलेलं होतं, हे मला दिसत होतं. शेवटी मी विचारलं, "आबा, काय असंल वं?"

"मला नगं इचारू," ते म्हणाले. "मला घरची गाडी चालू करता आली न्हाई."

मी पिकअप बंद केली. त्यांच्या खुर्चीपुढं उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. कुठला नट, कुठला पाना, संध्याकाळी काय, सकाळी काय. ती पोरगी, डॉक्टर, माझी भीती. वायसरवरून मी मुद्दाम हसवलं, तेही सांगितलं. आईला अजून माहीत नाही, हेही. त्यांनी मला मारावं असं मला फार वाटत होतं.

आबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग हात पुढं करून चाचपडत माझं डोकं शोधलं आणि त्यावर तो ठेवला.

"म्हाताऱ्याचं मन राखतुयास," ते म्हणाले. "चांगलं पोरगं हायस."

"आवं आबा, खरंच मीच केलं. आईची शपथ."

"गप रं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, नुसती माया होती. "मला दोन म्हैनं चकवायचं म्हंजे काय खायचं काम हाय व्हय? तुला न्हाई जमायचं रं ते."

मग त्यांनी मला आत चहा सांगायला पाठवलं, आणि मी गेलो.