छातीभर पाणी

सगळे त्याला बहाद्दर म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. उंच इमारतीच्या गच्चीवरून दोर सोडायचा, त्याला टांगलेल्या फळीवर बसायचं आणि शीळ घालत भिंती रंगवायच्या, हा त्याचा रोजचा धंदा. खालून बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा, ह्याच्या नाही. पण हाच बहाद्दर घरी अंघोळीला बसला की डोळे टक्क उघडे ठेवून, छोट्या भांड्यानं पाणी घ्यायचा. साबण डोळ्यांत गेला तरी बेहत्तर, पण डोक्यावरून भडाभडा पाणी ओतून घ्यायची त्याची छाती नव्हती. लग्नानंतर बायको आधी हसायची. कारण कळल्यावर हसायची थांबली.

लहानपणी तो आणि धाकटा भाऊ खाणीत साचलेल्या पाण्यात उतरले होते. धाकट्याचा पाय घसरला. ह्यानं त्याचा हात धरला, जिवाच्या आकांतानं धरला, आणि तरी तो सुटला. त्यानंतर ह्यानं पाण्याचं नाव टाकलं, आणि आईनंही. वाटेत पूल लागणार असला तर ती वळसा घालून लांबच्या रस्त्यानं जायची.

एके दुपारी तो एका सभागृहाच्या बाहेरच्या भिंतीवर लटकून काम करत होता. खिडकी उघडी होती. आत येशूची मंडळी जमली होती आणि एक म्हातारा गोष्ट सांगत होता. आयुष्यभर नळ दुरुस्त करत आलेला हा म्हातारा आता मंडळी सांभाळायचा, आणि सगळे त्याला नळवाले काका म्हणत. येशूचा एक शिष्य पाण्यावरून त्याच्याकडे चालत निघाला, वारा बघून घाबरला आणि बुडायला लागला, अशी ती गोष्ट. वाचवा म्हणून तो ओरडला, आणि येशूनं हात पुढे करून त्याला धरलं.

बहाद्दरचा ब्रश थांबला.

"अरे ए, झोपलास का?" शेजारच्या फळीवरचा जोडीदार ओरडला.

बहाद्दरनं खिडकीतून आत डोकं घातलं. "मग? सुटला का हात?"

सगळी मंडळी दचकली. काका म्हणाले, "नाही सुटला. तू आधी खाली उतर, बाबा. मग बोलू."

तेव्हापासून तो दर आठवड्याला जाऊन मागच्या खुर्चीवर बसू लागला. सरळ सांगायचं तर येशूवर त्याचा जीव जडला. पण बाप्तिस्मा घेऊन येशूचा व्हायचा विषय निघाला की त्याची पाचावर धारण बसे. सभागृहामागे छातीभर पाण्याचा सिमेंटचा हौद होता, आणि तिथे माणसाला क्षणभर पूर्ण बुडवून वर काढत.

"काका, डोक्यावर थोडं शिंपडलं तर नाही का चालणार?"

"न चालायला काय झालं? येशू काही माप घेऊन बसलेला नाही."

हे ऐकून त्याला हायसं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. शिंपडून घेतलं तर बाकी सगळं येशूच्या हवाली होईल, आणि ते खाणीतलं पाणी तेवढं आपल्याकडेच राहील, असं त्याला वाटत राहिलं. ते आता त्याला एकट्याला पेलवत नव्हतं. त्यानं ठरवलं, बुडायचंच.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तू कुणाचंही नाव घे, मी कधी अडवलंय? पण पाण्यात नाही. एक पाण्यानं नेला. दुसराही देऊ?"

"हौद आहे गं आई. छातीएवढं तर पाणी."

"त्याला गळ्याएवढंच होतं."



ठरल्या दिवशी आई आली, पण मागे भिंतीशी उभी राहिली. बहाद्दर पायऱ्या उतरला. पाणी कमरेला लागलं मात्र, तो किंचाळून बाहेर पळाला. कुणीतरी फिसकन हसलं. तो काठावर धापा टाकत बसून राहिला, आणि मग कुणी न सांगता पुन्हा उतरला. काका पाण्यात त्याची वाट बघत उभे होते.

"काका, मला सोडू नका."

"माझे हात म्हातारे झालेत, बाबा. माझ्या भरवशावर येऊ नकोस."

त्याला ते पटलं. धरणारा कितीही जीव लावून धरो, हात सुटतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो नुसतं "येशू" म्हणाला, डोळे मिटले आणि मागे झुकला.

वरचे आवाज बंद झाले. नाकात पाणी गेलं, काळजाचं पाणी पाणी झालं, आणि धाकट्याची गार बोटं हातात आहेत असं वाटलं. भीती तसूभरही कमी झाली नाही. पण तो धडपडला नाही.

वर आला तो ठसकत, खोकत. पाठीमागून कुणीतरी शर्ट घट्ट ओढून धरला होता. वळून बघतो तर आई, त्याच्या मागोमाग अंगावरच्या कपड्यांनिशी हौदात उतरलेली, पांढरीफटक पडलेली.

"आई! तू पाण्यात?"

"तुझ्या येशूनं धरलं असेल तर धरू दे," ती कशीबशी म्हणाली. "मीही धरलं होतं."

दोघंही थरथरत पायऱ्या चढून वर आली. शर्ट मात्र तिनं घरी पोचेपर्यंत सोडला नाही.