एका ‘य’चं पोट

पेंटरचं अक्षर मोत्यासारखं, पण शुद्धलेखनाशी लहानपणापासून वाकडं. आरोग्य खात्यानं त्याला एड्सचा मजकूर सतरा भिंतींवर रंगवायला दिला. कागदावर होतं, ‘रोगापासून दूर राहा.’ पहिल्याच भिंतीवर त्याच्या हातून ‘रोग्यापासून’ झालं, आणि पुढच्या सोळा त्यानं त्या भिंतीवरूनच उतरवल्या. तपासायला आलेल्या साहेबानं वर तोंडभरून कौतुक केलं. सगळाच आनंदीआनंद!

दोन वर्षांनी धाकट्या भावालाच तो आजार निघाला. शेजारची काकू, जिच्या मांडीवर दोघं वाढले, ती डबा उंबऱ्याबाहेर ठेवून पळायला लागली. पेंटर भांडायला गेला.

“माझ्यावर कशाला ओरडतोस? तूच लिहिलंयस ना, रोग्यापासून दूर राहा म्हणून?”

तो तिथूनच मागे फिरला. डॉक्टरांनी जेमतेम महिना सांगितला होता. तेवढ्या दिवसांत धाकट्याजवळ मायेचं एक तरी माणूस येऊन बसावं, एवढ्यासाठी पेंटर शिडी घेऊन निघाला. ‘य’चं पोट खरवडलं की उरलेल्या दंडानं ‘ग’ आपोआप पुरा व्हायचा. पण तेवढ्यानं त्याचं समाधान होईना. प्रत्येक भिंतीवर तो चित्रही काढायला लागला: दोघे भाऊ एकाच कपातून चहा पिताहेत. खाली लिहायचा, ‘शिवल्यानं, उष्ट्यानं हा रोग होत नाही.’ दिवसाला एक भिंत व्हायची. उजाडताच निघायचा, अंधार पडल्यावर यायचा तो पार गळून.

“दादा, आज नको जाऊस. का मला चहा चित्रातच पाजणारेस?”

“एवढ्या भिंती होऊ देत रे, मग बसतोच.”

सतराव्या भिंतीवर तो कपाची कड रंगवत होता, तेव्हा काकू धापा टाकत आली.

“चल घरी. गेला रे तो.” ती भिंतीलाच टेकली. “काल कोपऱ्यावरची भिंत वाचली. आज धीर करून जवळ बसले, माझ्या कपातला चहा पाजला. सारखा विचारत होता, दादा आला का.”

पेंटरला शिडी उतरता येईना. सतरा भिंतींवर तो धाकट्याला खेटून बसला होता. घरी सतरा दिवसांत एकदाही बसला नव्हता. चुकून लिहिलेलं ते वाक्य शेवटपर्यंत त्यानंच पाळलं होतं.