वसंतरावांची इटालियन पोथी

वसंतराव गेल्याचं सुनेने मला सिंगापुरात, सेंगकांगच्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सांगितलं. मी ओरडलो, "शक्य नाही! अजून खुनी सापडलेला नाही!" तिला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. भ्रम कसला? मला राग आला होता. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

वसंतराव पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. मुलाकडे राहायला आलेले, जसा मी माझ्या मुलाकडे. माझं शिक्षण मराठी चौथी, इंग्रजी शून्य. त्यांच्याकडे एक जाडजूड इटालियन कादंबरी होती, इंग्रजीत उतरवलेली. संध्याकाळी इमारतीखालच्या बाकाच्या डाव्या टोकाला बसून ते ती मनात वाचायचे आणि मला मराठीत सांगायचे. जुन्या काळी एका घड्याळजीचा खून होतो, त्याच्या मुठीत तुटका शिक्का सापडतो. मग पाऱ्याचं सोनं करणारं गुप्त मंडळ, जहाजं, लढाया... पहिल्या दिवशी मी म्हणालो, "इटलीतला घड्याळजी मेला, मला त्याचं सुतक आहे का?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी बाकावर मी हजर.

"तो बिशपच खुनी," मी पैज लावली.

"तात्या, तुम्ही दिसेल त्या टोपीवाल्याला फासावर चढवता," ते हसायचे.

पण पुस्तकाचा मान त्यांनी पोथीसारखा ठेवला. लाल कापडात बांधायचं, वर झेंडूचं फूल. दिवसाला एकच अध्याय, आणि पुढचं पान स्वतःसुद्धा चोरून बघायचं नाही. शेवटच्या संध्याकाळी बिशप कंदील घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होता. ऐन तिथे त्यांनी कापड बांधलं. "आज इथेच थांबू. खुनी कुठे पळून जात नाही." खुनी नाही गेला... हेच गेले. आणि न कळताच गेले! हा काय न्याय झाला?

तेराव्यानंतर त्यांच्या घरी सगळे जमले. बुओना व्हिस्टाच्या कुठल्याशा महागड्या कॉन्डोतले एक साहेब म्हणाले, "या वयात गीता वाचावी. हे खून, जादूटोणा कशाला?" मी उभाच राहिलो. "गीता त्यांना पाठ होती. तुम्हाला आहे? म्हणा एक श्लोक!" साहेबांनी चहाचा कप उचलला.

मग मी प्रशांतकडे, वसंतरावांच्या मुलाकडे, पुस्तक मागितलं. तो गोंधळला. "काका, लाल कापडातली पोथी ना? ती आम्ही अस्थींबरोबर समुद्रात सोडली."

"उघडून बघितलीस?"

"पोथी कशी उघडणार काका? सोवळ्यातली असेल, असं वाटलं."

बापाने महिनोन्‌महिने छातीशी धरलेली वस्तू, आणि पोराने गाठ सोडून बघितली नाही! माझा मुलगा म्हणाला, "बाबा, फोनवर शेवट मिळेल, दोन मिनिटांत." त्यालाही झापलं. शेवट काय हॉकर सेंटरच्या टपरीवरचा चहा आहे, पार्सल मागवायला?

आमच्या गावी रीत आहे. पारायण अर्धं राहिलं आणि वाचणारा गेला, तर घरच्याने ते पुरं करायचं. मी प्रशांतला बजावलं, "ज्याने बुडवली, त्याने पुरी करावी. नाव मला पाठ आहे; नवी प्रत आण आणि रविवारी खाली ये."

तिकडे दूर तुआसच्या कारखान्यातली नोकरी, दमलेला पोर. वाटलं, येणार नाही. आला. येताच सवयीने शेवटचं पान उघडलं, नजर फिरवली, आणि म्हणाला, "अरेच्चा, काका, खुनी तर..."

"खबरदार!" पलीकडच्या चिनी आजी दचकल्या. "बापाला कळलं नाही ते तू मला सांगतोस? मागे जा. बिशप तळघराच्या पायरीवर उभा आहे, तिथून सुरू कर."

तो पानं मागे उलटायला लागला. पान काही सापडेना. बसायला म्हणून बाकाच्या डाव्या टोकाकडे सरकला, तेवढ्यात मी त्याला अडवलं. तिथे मी नवं लाल कापड पसरून ठेवलं होतं.

"इकडे माझ्या बाजूला बस. ती जागा ऐकणाऱ्याची आहे."