चोवीस इंची माणसाचं माप

मी जन्मभर चोवीस इंची सायकल चालवली. बावीसची बुटक्यांची, चोवीसची गड्याची, एवढंच मला ठाऊक. पण मागच्या थंडीत अंबरपेठच्या चौकात सिग्नलला थांबलो आणि दांड्यावरून पाय काही निघेना. सायकलीसकट आडवा झालो. गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, फार चालू नका, सायकल चालेल. मुलगा म्हणाला, सायकल चालेल, पण ही नाही. त्यानं चोवीसला कुलूपच घातलं. नवीन घ्या, बरोबर मापाची. पुन्हा पडलात तर सायकल कायमची बंद.

"बघू कोण बंद करतंय," मी म्हटलं. पण आतून घाबरलो होतो. सायकल गेली की मी फाटकापर्यंतचा माणूस.

नात पातळ चाकांची रोडबाइक चालवते, एका हातानं उचलून जिना चढते. तसलीच घ्यायची ठरली. तिनं मोबाइलवर वाचून सांगितलं, "आबा, भिंतीला टेकून उभे राहा. हे जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये वर दाबून धरा. तिथून जमिनीपर्यंत माप घ्यायचं."

"पुस्तक? तिथं?"

"सगळे तसंच करतात, आबा."

"करू देत. मी नाही."

मी चौथीत शाळा सोडली, खरं आहे. पण पुस्तकाला चुकून पाय लागला तर आजही हात लावून कपाळाला लावतो. आतून बायको ओरडली, "आता माझा पोळपाट मागाल! खबरदार!"

शेवटी चपलेच्या खोक्याचं झाकण घेतलं. ते दर वेळी वाकायचं. एकदा शहात्तर आलं, एकदा ऐंशी, एकदा मधलंच काहीतरी. सेंटिमीटर म्हणे. मग तिनं उंची विचारली. पाच फूट आठ, मी सांगितलं, नेहमी सांगतो तसं. तिनं टेप लावली तर पाच सहा. पुन्हा मोजायला लावली. पाच सहाच. दोन इंच गेले कुठं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुकान कुकटपल्लीला. मालकीण तेलुगू बाई, बोलायची मात्र आमच्या दखनीत. माझ्याकडे एक नजर टाकून तिनं बावन्नची काढली. मला बरं वाटलं, चोवीसपेक्षा बावन्न मोठीच की. नात म्हणाली, "नाही आबा, ते इंच होते, हे सेंटिमीटर. तुमची चोवीस म्हणजे इथली एकसष्ट." म्हणजे बावन्न लहान! वर दांडा मागं उतरता, बायकांच्या सायकलीसारखा. बाजूला छप्पन उभी होती.

"वो दिखाओ."

"तात, वो तुमकू बड़ी होती." तात म्हणजे तेलुगूत आजोबा.

"चोवीस चलाया हूँ मैं!"

"चलाये होंगे. अब उतर के दिखाओ."

मी म्हटलं, थांबा, आमच्या रीतीनं मोजतो. सीट काखेत घ्यायची, बोटं पायडलच्या आसाला टेकली की सायकल आपल्या मापाची. छप्पनला लावलं. बरोबर टेकली. नातीकडे बघितलं. तोवर बाईनं बावन्नची सीट सर्रकन वर ओढली. "अब इसकू लगाओ." तिथंही बरोबर टेकली. आमच्या वेळी सीट एकदा गंजली की हलत नव्हती, म्हणून तर माप माप होतं.

मग मागच्या गल्लीत खरंच उतरून दाखवावं लागलं. छप्पनवर बसलो, ब्रेक दाबला. नुसता चवडा टेकला, सायकल कलली, नातीनं दंड धरला. तिनं हात सोडेपर्यंत मी दुसरीकडे बघत राहिलो. मग बावन्न. ब्रेक दाबला आणि पाऊल टाचेसकट जमिनीवर.

"कौनसी देऊँ, तात?"

"बावन्न. छप्पन का रंग फीका है."

"दोनों काली हैं."

"तो क्या हुआ?"

नात तोंड फिरवून हसत होती. हसू दे.

दुसऱ्या सकाळी त्याच चौकात सिग्नल लाल झाला. थांबलो. टाच टेकली. दिवा हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला, "चलो चचा!" मी जरा वेळ तसाच उभा राहिलो.