गुप्त ठेवायचं एक नाव

सरकारी ऑफिसात माणूस आधी फायली जमवतो, मग किस्से. बदली झाली की फायली दुसऱ्याच्या गळ्यात मारता येतात. किस्से मात्र आपल्याबरोबरच येतात. माझे मित्र तर चहा यायच्या आधीच म्हणतात, "काढ, सोलापूरचे काढ!"

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी इंग्लंडात कायदा शिकून नुकताच परतलो होतो. परदेशी टोळ्यांशी जोडलेली तस्करी मोडायची म्हणून दिल्लीनं देशभर मोहीम काढली होती. त्यातला एक छोटा कक्ष सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळ होता. माणसं चार : साहेब, हेडक्लार्क भाऊसाहेब, जीपचा ड्रायव्हर इस्माईल आणि मी. मला वाटलं, आता देश सुधारायला फार तर सहा महिने!

* * *

दिल्लीचं धोरण लाल शिक्का मारून आलं. वर लिहिलं होतं 'अत्यंत गोपनीय'. खाली, 'सर्व कर्मचाऱ्यांच्या निदर्शनास आणावे'. भाऊसाहेबांनी ते थेट व्हरांड्यातल्या नोटीस बोर्डावर लावलं.

मी ओरडलो, "अहो, गोपनीय आहे ते!"

"म्हणून तर काचेच्या आत लावलंय," भाऊसाहेब म्हणाले. "कुलूपसुद्धा घातलंय!"

* * *

दर महिन्याला एक तक्ता भरून पाठवायचा : आपल्या बंदरात किती परदेशी जहाजं आली? सोलापूरच्या बंदरात! आम्ही 'निरंक' लिहायचो. एके दिवशी पत्र आलं, 'आपल्या बंदरात सातत्याने एकही जहाज न येण्याची कारणे कळवावीत.'

मी तावातावानं उत्तर लिहिलं, 'सोलापुरास समुद्र नाही.'

साहेबांनी ते खोडलं. "इतकं थेट लिहू नये हो. वरिष्ठांना वाईट वाटतं."

शेवटी उत्तर गेलं, 'समुद्राबाबत चौकशी चालू आहे.'

* * *

मल्लप्पा अक्कलकोटकडचा, एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर. चादरींच्या गठ्ठ्यांतून परदेशी घड्याळं जातात, हे त्यानंच मला सांगितलं.

"साहेब, माजं नाव भाईर गेलं तर शेठ मला जित्ता ठेवणार न्हाय. लेकरं ल्हान हायत की."

मी त्याचा हात धरून शब्द दिला, "मल्लप्पा, तुझं नाव कुणाला कळणार नाही."

नियम असा होता, की नाव चिठ्ठीवर लिहून सीलबंद पाकिटात साहेबांच्या कपाटात ठेवायचं. ठेवलं. लाखेचं सील मी स्वतः लावलं.

* * *

मोहोळजवळ ट्रक धरायचा ठरला. निघताना साहेब म्हणाले, "घड्याळं जुळवून घ्या."

चार मनगटं पुढं आली. तीन घड्याळं परदेशी, चकाचक! माझं एकट्याचं देशी. साहेबांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचंच मागं आहे!"

सात रस्त्याच्या मधोमध जीप बंद पडली. आम्ही ढकलत असताना पानवाला हात लावायला आला. "मोहोळलाच ना, साहेब? बिगी बिगी जावा, ट्रक निघंल!"

तरी ट्रक सापडला. त्याची दोन चाकं पंक्चर होती! शेठ मात्र सुटले. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

* * *

आमच्याकडे कुणी काही केलं, की चादर आणि नारळ देऊन त्याचा सत्कार करायचाच. मी दोन दिवस पुण्याला गेलो होतो. परत आलो तर सात रस्त्यावर हा मोठा फलक : 'गुप्त खबरी श्री. मल्लप्पा यांचा जाहीर सत्कार. सर्वांनी अगत्य यावे.'

मी धावत मंडपात गेलो. "साहेब, ते पाकीट सीलबंद होतं!"

"नाव कळल्याशिवाय सत्कार कसा करणार?" साहेब म्हणाले. "आणि धोरण वाचा जरा. जनतेचं सहकार्य वाढवा, असं स्पष्ट लिहिलंय!"

सत्कारमूर्तीची खुर्ची रिकामी होती. भाऊसाहेब लाऊडस्पीकरवरून तिसऱ्यांदा पुकारत होते, "श्री. मल्लप्पा असतील तिथून व्यासपीठावर यावं!"

पहिल्या रांगेतून धोतराचा सोगा सावरत शेठ उठले. सावकाश पायऱ्या चढले. चादर स्वतःच्या खांद्यावर घेतली, नारळ हातात घेतला आणि माईकपाशी वाकून म्हणाले,

"मल्लप्पा आमच्याच गाडीवर हाय की. घर ठावं हाय मला. आमीच नेऊन देतो!"

पहिली टाळी साहेबांनी वाजवली.