सुई थरथरली की गाडी येते

आमच्या वर्कशॉपातला लोखंडाचा कीस रोज संध्याकाळी झाडून निघतो. किस्से मात्र झाडून निघत नाहीत. चहाला कोणी बसलं की एक संघपाल सांगतो, एक मी.

संघपाल माझा पार्टनर. नांदुऱ्यात रेल्वे लाइनीजवळ आमचं लोखंड कापायचं लहानसं मिलिंग मशीन आहे. त्यावर आम्ही रोटरी बसवली. ती कापायच्या दांड्याचं एक टोक धरून त्याला फिरवते, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक आधार देतो. दोन्ही एका रेषेत हवेत. बस्स, एवढंच! या 'एवढंच'नं आमचा अख्खा हिवाळा खाल्ला.

*

पहिल्यांदा लाकडी दांडा गोल कापला. संघपालच्या आईनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"गाजर काऊन केलं रे?"

दांडा एका टोकाला निमुळता झाला होता, कारण टेलस्टॉक केसभर सरकलेला होता. केसभर!

*

मग डायल आणला. घड्याळासारखी तबकडी, पण केसाहून बारीक फरकालाही सुई हलते. एका दुपारी सगळं जुळलं. सुई गप्प. तेवढ्यात सुई थरथरायला लागली.

"टेबलाले टेकला काय बे?" संघपाल ओरडला.

"म्या बोटही नाही लावलं!"

थोड्या वेळानं शिट्टी ऐकू आली. मालगाडी! तेव्हापासून गाडीची खबर आम्हाला आधी सुईच देते.

*

सकाळी जुळवलेलं दुपारी बिघडायचं. आम्ही सगळे नट कसून पाहिले. शेवटी संघपालची बायको करुणा डबा घेऊन आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिनं मशीनवर इथे-तिथे हात ठेवला.

"खिडकीतून ऊन पडून राह्यलं न या बाजूनं. लोखंड फुगते."

खिडकीला तिची जुनी साडी बांधली आणि सुई जागेवर! संघपाल कितीतरी वेळ मशीनवर तळहात ठेवून उभा होता.

"एवढं जड लोखंड, अन् उन्हानं हलते!"

*

ऐन कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्यातला शाफ्ट, म्हणजे गिअर बसतो तो लोखंडी दांडा, तुटला. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांचा सारखा फोन, "झाला काय? झाला काय?" संघपालनं मात्र रोटरी आणि टेलस्टॉक मनासारखे जुळेपर्यंत कटर लावलाच नाही. मग नव्या शाफ्टवर चहूबाजूंनी, गिअरच्या भोकातल्या दातांना जुळतील अशा लांब खाचा कापल्या.

जिनिंगवर पोचलो तर भाऊसाहेब गेटावरच उभे. "लवकर करा हो, कापसाच्या ट्रॅक्टरची लाइन रोडपावतर गेली!"

गिअर टेबलावर आडवा ठेवला होता. जिनिंगचे फिटर रफिकचाचा शाफ्ट ठोकून बसवायला घण घेऊन तयार. संघपालनं शाफ्टला तेल लावलं, गिअरच्या भोकावर उभा धरला आणि हात सोडला.

शाफ्ट आपल्याच वजनानं सावकाश खाली उतरला. आवाज नाही, अडकणं नाही!

रफिकचाचांनी घण खाली ठेवला. बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. भाऊसाहेब जवळ आले, त्यांनी शाफ्टवरून बोट फिरवलं.

"काढा तो."

संघपालचा चेहरा उतरला. "काऊन, भाऊसाहेब? काही चुकलं काय?"

"नाही बा. काढा, अन् पुन्हा सोडा. मले आणखी एक खेप पाहू द्या!"